‘धुरा’ खांद्यावर घ्यावी की हाती?

प्रश्न

नमस्कार. एका संस्थेच्या स्मरणिकेच्या मजकुरावर संपादकीय हात फिरवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. निरनिराळ्या लेखकांच्या त्या लेखांत ‘धुरा’ हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या क्रियापदांबरोबर आला आहे की, त्यात एकवाक्यता आणावी की प्रत्येकाचे म्हणणे तसेच राहू द्यावे, हे मला ठरवता येत नाही. एकाने ‘संस्थेची धुरा हाती घेतली’ असे लिहिले आहे, दुसऱ्याने ‘धुरा खांद्यावर घेतली’, तर तिसऱ्याने ‘जबाबदारीची धुरा समर्थपणे पेलली’. एका लेखात ‘स्वागतकक्षाची धुरा दोघांनी सांभाळली’ असे वाक्य आहे आणि आणखी एका ठिकाणी ‘संस्थेच्या धुऱ्याला खांदा दिला’ असे रूप आढळते.

‘धुरा म्हणजे जबाबदारी’ एवढाच अर्थ धरला, तर यांतील प्रत्येक वाक्य चालण्यासारखे वाटते. पण मग ‘जबाबदारीची धुरा’ ही निव्वळ द्विरुक्ती ठरते आणि स्वागतकक्षापासून संपूर्ण संस्थेपर्यंत सगळीकडे एकच शब्द वापरण्यालाही हरकत उरत नाही. मनाला मात्र ही वाक्ये सारखी वाटत नाहीत. या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो जबाबदारी, भार, ओझे, पदभार यांच्यापासून नेमका कोठे वेगळा होतो आणि तो हाती घ्यायचा की खांद्यावर, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

‘धुरा’ शब्दाच्या मुळाशी संस्कृतातील ‘धुर्’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे. त्याच्या प्रथमेच्या एकवचनाचे रूप ‘धूः’ असे होते. रथाच्या किंवा गाडीच्या दांडीचा पुढचा भाग, म्हणजे ज्या ठिकाणी जनावर जुंपले जाते ती जागा, आणि त्याच्या खांद्यावर टेकणारा जुवाचा भाग, असा त्याचा अगदी वस्तुनिष्ठ अर्थ आहे. शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने ‘धूः’ म्हणजे ‘यानमुख’, वाहनाचे तोंड, असे सांगितले आहे, आणि हा छोटासा अर्थ पुढच्या सगळ्या प्रवासासाठी महत्त्वाचा आहे, कारण त्यातून दोन फांद्या फुटतात. खांद्यावर टेकते म्हणून धुरा म्हणजे भार, आणि वाहनाच्या अग्रभागी असते म्हणून धुरा म्हणजे अग्रस्थान.

दुसऱ्या फांदीचे उदाहरण कालिदासाच्या रघुवंशात दुसऱ्या सर्गाच्या आरंभीच सापडते. तेथे सुदक्षिणा राणीचे वर्णन ‘अपांसुलानां धुरि कीर्तनीया’ असे केले आहे. पतिव्रतांमध्ये जिचे नाव अग्रभागी घ्यावे अशी, असा त्याचा अर्थ. त्या ‘धुरि’मध्ये ओझ्याचा मागमूसही नाही, केवळ पहिले स्थान आहे. पहिल्या सर्गात मात्र त्याच कवीने पहिली फांदी वापरली आहे. दिलीप राजा अपत्यप्राप्तीसाठी वसिष्ठांच्या आश्रमाकडे निघण्यापूर्वी राज्यकारभार मंत्र्यांकडे सोपवतो, तेव्हा कवी म्हणतो, ‘तेन धूर्जगतो गुर्वी सचिवेषु निचिक्षिपे’, म्हणजे जगाची जड धुरा त्याने सचिवांवर ठेवली. ‘गुर्वी’ हे विशेषण येथे नीट पाहावे. राज्य हे राजाच्या मालकीची वस्तू म्हणून येत नाही, तर अंगावर वागवायचे वजन म्हणून येते, आणि ते उतरवायचे असेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ठेवावेच लागते.

याच ‘धुर्’पासून मराठीत रोज वापरले जाणारे दोन शब्द आले आहेत, ते म्हणजे ‘धुरंधर’ आणि ‘धुरीण’. आज आपण ‘धुरंधर नेते’, ‘समाजधुरीण’ असे आदराने म्हणतो. पण अमरकोशाचा वैश्यवर्ग हा भाग उघडला, तर तेथे बैलांच्या नावांमध्ये धुर्य, धौरेय, धुरीण आणि धुरंधर हे चारही शब्द एकत्र बसलेले दिसतात, धुरा वाहणारा बैल या अर्थाने. पाणिनीनेही ‘धुरो यड्ढकौ’ (४.४.७७) या सूत्राने ‘ते वाहणारा’ या अर्थी धुर्य आणि धौरेय ही रूपे सिद्ध केली आहेत, आणि लगेच पुढच्या सूत्रात सर्वधुरीण हे रूप सांगितले आहे. त्या प्रकरणात रथ, जू अशा वाहण्याच्या वस्तूंचीच संगत आहे. त्यामुळे ‘धुरीण’ या पदवीत मुळात मान नाही, श्रम आहे. आधी वाहणारा आणि मग मान मिळालेला, असा तिचा क्रम आहे. मराठीत हल्ली ‘धुरीण’ हा शब्द केवळ वजनदार, प्रतिष्ठित माणूस एवढ्याच अर्थाने फिरतो, याचे मला वाईट वाटते, कारण काहीही न वाहणाऱ्या माणसाला तो शब्द शोभत नाही.

यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन ग्रंथात ‘धूः’ची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली आहे. एक, इजा करणे या अर्थाच्या ‘धूर्व्’ धातूपासून, कारण ती जनावराच्या खांद्याला त्रास देते. आणि दुसरी, धारण करणे या अर्थाच्या धातूपासून. आजचा भाषाभ्यासक यांतील कोणती व्युत्पत्ती स्वीकारेल, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी इतक्या जुन्या काळच्या निरुक्तकाराला या शब्दात खांद्याचे घासणे आणि आधार देणे हे दोन्ही दिसले, ही गोष्ट शब्दाचा स्वभाव सांगण्यास पुरेशी आहे.

रूपाविषयी एवढेच सांगतो की, समासाच्या शेवटी ‘धुर्’ला अकार जोडला जातो (पाणिनी ५.४.७४), त्यामुळे ‘राज्यधुरा’ असे आकारान्त स्त्रीलिंगी रूप होते. त्याच सूत्रात रथाच्या आसाच्या अर्थी हा नियम लागू नाही, असा अपवादही सांगितलेला आहे. आपली ‘धुरा’ ही या आकारान्त रूपाच्या वळणाची आहे. म्हणून ती मराठीत ‘पूजा’, ‘शाळा’, ‘सभा’ यांच्याप्रमाणे चालवावी: धुरेचा, धुरेला, धुरेखाली. ‘संस्थेच्या धुऱ्याला’ हे रूप या अर्थाने चुकीचे आहे, ते बदलावे.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादात व्युत्पत्ती इतकी नीट आली आहे की, त्यात भर घालण्याची आवश्यकता नाही. मी वापराकडे वळतो, कारण प्रश्नकर्त्यांची खरी अडचण तेथे आहे.

‘जबाबदारी’ या शब्दाच्या पोटात ‘जबाब’ आहे. मूळचा अरबी ‘जवाब’, त्याला फारसी ‘दार’ हा प्रत्यय लागला आणि ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार झाला. ‘उत्तरदायित्व’ या संस्कृत घडणीच्या शब्दाची रचनाही तंतोतंत तशीच आहे. म्हणजे जबाबदारीला नेहमी समोर विचारणारा कोणीतरी लागतो. म्हणूनच ती घडून गेलेल्या गोष्टीचीही असू शकते. ‘झालेल्या चुकीची जबाबदारी स्वीकारली’ हे वाक्य स्वाभाविक आहे, पण ‘झालेल्या चुकीची धुरा स्वीकारली’ असे कोणी म्हणणार नाही. धुरा मागे पाहत नाही. जे पुढे न्यायचे आहे, त्याचीच धुरा असते.

दुसरी कसोटी क्रियापदांची आहे. जबाबदारी आपण झटकतो, टाळतो, दुसऱ्यावर ढकलतो, निभावतो, पार पाडतो. ‘पार पाडणे’ याचा अर्थ तिला शेवट आहे. एखादे काम सोपवले, ते झाले, जबाबदारी संपली. धुरा पार पाडता येत नाही. ती वाहिली जाते, पेलली जाते, सांभाळली जाते, पुढच्याच्या खांद्यावर दिली जाते, कारण गाडी चालतच राहते आणि वाहणारा बदलतो. यावरून तिसरी कसोटी आपोआप निघते. ज्याला स्वतःची चाल आहे, जे एका माणसाच्या आधी होते आणि त्याच्या नंतरही राहणार आहे, आणि ज्याच्या चालण्यावर अनेकांचे चालणे अवलंबून आहे, अशाच गोष्टीची धुरा असते: राज्य, संसार, संस्था, पक्ष, चळवळ, नियतकालिक, घराणे. स्वागतकक्ष हा एका दिवसापुरता असतो, त्याची जबाबदारी असते, व्यवस्था असते, काम असते, पण धुरा नसते. त्या वाक्यात ‘स्वागतकक्षाची जबाबदारी दोघांनी सांभाळली’ असा बदल निःसंकोचपणे करावा. लहान कामाला मोठा शब्द दिल्याने काम मोठे होत नाही आणि शब्दाची धार मात्र जाते.

‘पदभार’ आणि ‘कार्यभार’ हे शब्द कार्यालयाच्या कागदांतले आहेत. पदभार अमुक तारखेला स्वीकारला जातो, अतिरिक्त कार्यभार आदेशाने सोपवला जातो, आणि दोन्ही वेळा सही होते. धुरेला तारीख नसते. एखाद्या व्यक्तीकडे कोणतेही पद नसताना संस्थेची धुरा अनेक वर्षे तिच्यावर असू शकते, आणि पदभार घेऊनही धुरेला खांदा न लावलेले पदाधिकारी असू शकतात. स्मरणिकेत या दोन गोष्टींमधला फरक राखणे फार मोलाचे ठरेल, कारण कोण अध्यक्ष होते आणि काम प्रत्यक्षात कोणी वाहिले, हे अशा लेखांतूनच पुढच्या पिढीला कळते.

आता हाताचा प्रश्न. ‘सूत्रे’ हाती घेतली जातात, कारण सूत्र म्हणजे दोरी आणि ती हातात असते. जो दोऱ्या हलवतो त्याचे नियंत्रण असते. ‘लगाम’ही हातात असतो. धुरा खांद्यावर असते. ‘धुरा हाती घेतली’ या वाक्यात सूत्रांचा हात आणि धुरेचा खांदा यांची सरमिसळ झाली आहे. ज्या लेखकाला अधिकार सांगायचा आहे, त्याने ‘सूत्रे हाती घेतली’ म्हणावे. ज्याला श्रम आणि निष्ठा सांगायची आहे, त्याने ‘धुरा खांद्यावर घेतली’ म्हणावे. मी तुमच्या जागी असतो, तर ‘धुरा हाती’ हा प्रयोग सर्वत्र दुरुस्त केला असता.

तिसरा प्रतिसाद

शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते मी आग्रहाने मांडतो, कारण संपादकाच्या लेखणीने एखादा रूढ प्रयोग चुकीचा म्हणून कापला गेला, की लिहिणाऱ्याला स्वतःच्या भाषेचीच भीती वाटू लागते.

‘धुरा हाती घेणे’ हा प्रयोग आज मराठी वृत्तपत्रांत, भाषणांत आणि चांगल्या गद्यातही सर्रास आढळतो. शब्दाची मूळ वस्तू डोळ्यांसमोरून गेली, की त्याचे जोडीदार बदलतात, हा भाषेचा नित्याचा व्यवहार आहे. ‘धुरंधर’ हा बैल राहिला नाही, हे पहिल्या प्रतिसादानेच दाखवले आहे. मग ‘धुरा’ने मात्र कायम खांद्यावरच राहावे, हा आग्रह कशासाठी? आणि मूळ वस्तूकडे गेलो, तरी हात अगदीच परका ठरत नाही. बैलगाडी हाकणाऱ्याला, विशेषतः शंकरपटातील, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीतील, गाडीवानाला, ‘धुरकरी’ म्हणतात. तो धुरेपाशी बसतो, पण ती वाहत नाही. त्याच्या हातात कासरा असतो. म्हणजे मराठीत धुरेशी ज्याचे नाते आहे असा माणूस आणि धुरा वाहणारे जनावर असे दोघेही पूर्वीपासून आहेत. रघुवंशातील ज्या श्लोकाचा दाखला वर दिला आहे, त्याच्या पहिल्या अर्धात ती धुरा ‘स्वभुजादवतारिता’, स्वतःच्या भुजेवरून उतरवलेली, असे म्हटले आहे. भुजा म्हणजे बाहू. कालिदासाने राजाला बैल न करता त्याच्या बाहूवर धुरा ठेवली, तर आपण ती हातापर्यंत आणली म्हणून काही बिघडत नाही.

जोडीच्या शब्दांकडे पाहिले, तर हीच दुहेरी भूमिका आणखी स्पष्ट होते. ‘संसाराचा गाडा’ कोणी ओढतो आणि कोणी हाकतो. दोन्ही प्रयोग शिष्ट आहेत. ओढणाऱ्याच्या वाट्याला कष्ट येतात आणि हाकणाऱ्याच्या वाट्याला दिशा. ‘राज्यशकट’ तर नेहमी हाकलाच जातो. धुरा हाती घेणारा हा हाकणारा आहे आणि खांद्यावर घेणारा हा ओढणारा आहे, असे मानले, तर दोन्ही प्रयोगांना आपापली जागा मिळते. माझी सूचना अशी आहे की, लेखकाला काय म्हणायचे होते ते वाक्याच्या संदर्भावरून पाहावे आणि ‘हाती’ हा शब्द केवळ तत्त्वासाठी कापू नये.

चौथा प्रतिसाद

‘धुऱ्याला’ या रूपाबद्दल थोडे सांगावेसे वाटते. विदर्भात ‘धुरा’ हा वेगळा, पुल्लिंगी शब्द रोजच्या बोलण्यात आहे; दोन शेतांच्या मधला बांध, शेताची सीमा, असा त्याचा अर्थ आहे. तो धुरा, धुऱ्यावर, धुऱ्याचा वाद, अशी त्याची रूपे होतात आणि ती त्या अर्थाने पूर्णपणे शुद्ध आहेत. ज्या लेखकाने ‘संस्थेच्या धुऱ्याला’ असे लिहिले, त्याच्या कानावर लहानपणापासून हेच रूप असण्याची शक्यता मोठी आहे. दुरुस्ती अवश्य करावी, पण हे अज्ञान आहे असे त्याला कळवू नये. त्याच्या बोलीत तो शब्द जिवंत आहे, फक्त तो दुसरा शब्द आहे. जाता जाता हेही सांगतो की, ‘धूर’ या शब्दाची ‘धुराचा’, ‘धुरात’ ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली, तरी त्यांचा या दोघांशीही संबंध नाही.

प्रश्नकर्त्यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. ‘धुऱ्याला’चा उलगडा झाल्यामुळे त्या लेखकाशी बोलणे मला सोपे जाईल. स्वागतकक्षाचे वाक्य मी बदलले आहे. हाती की खांद्यावर, याबाबत तिसऱ्या प्रतिसादातील निकष मला उपयुक्त वाटतो, परंतु लेखकाला काय म्हणायचे होते हे नेहमी कळतेच असे नाही.

दोन गोष्टी अजून उरल्या आहेत. ‘जबाबदारीची धुरा’ हा प्रयोग ठेवावा का? आणि एका लेखात संस्थेच्या संस्थापकांच्या पत्नीविषयी असे वाक्य आहे: ‘त्यांनी अखेरपर्यंत घराचे आणि वसतिगृहाचे ओझे वाहिले.’ लेखिकेचा हेतू गौरवाचा आहे, पण वाक्य वाचताना करुणा अधिक जाणवते. तेथे ‘ओझे’ काढून ‘धुरा’ किंवा ‘भार’ घालावा का, की लेखिकेच्या शब्दाला हात लावू नये?

पाचवा प्रतिसाद (दुसऱ्या प्रतिसादाच्या लेखकाकडून)

धुरकऱ्याचा दाखला मला मान्य आहे आणि ‘हाती’ला जागा द्यावी हेही मान्य आहे. तरीही जेथे लेखकाचा हेतू संदर्भावरून कळत नाही, तेथे खांदा ठेवावा, असे मी सुचवतो. ‘सूत्रे’, ‘लगाम’, ‘कारभार’ हे सगळे शब्द हातासाठी आधीच उपलब्ध आहेत, परंतु मान आणि श्रम एकाच वेळी सांगणारा शब्द मराठीत ‘धुरा’ हा एकच आहे, आणि तो श्रम खांद्याच्या उल्लेखाशिवाय दिसत नाही.

‘जबाबदारीची धुरा’ हा प्रयोग मी काढून टाकीन. ‘धुरा’च्या आधी येणारी षष्ठी ही गाडीचे नाव सांगते: संसाराची धुरा, संस्थेची धुरा. जबाबदारी ही गाडी नाही, ती स्वतःच वाहण्याची गोष्ट आहे. त्यामुळे ‘जबाबदारीची धुरा’ म्हटले, की कशाची जबाबदारी, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो आणि वाक्य भारदस्त वाटूनही त्यातून काहीच कळत नाही. बहुतेक वेळा लेखकाला ‘अध्यापनाची जबाबदारी’ किंवा ‘संस्थेची धुरा’ यांपैकी एक काहीतरी म्हणायचे असते. त्यांना विचारावे आणि ते नेमके लिहावे.

ओझ्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. भार, ओझे, बोजा, धुरा आणि जोखड हे सगळे अंगावर येणाऱ्या वजनाचे शब्द आहेत, पण प्रत्येकाचा भाव निराळा आहे. ‘भार’ हा यांतला सर्वांत तटस्थ. प्राचीन मापांत तो एक ठरावीक वजनच होता. शंभर पलांची एक तुला आणि वीस तुलांचा एक भार, असे अमरकोशात सांगितले आहे. तो तटस्थपणा आजही टिकून आहे, म्हणून ‘कार्यभार’ या शब्दात तक्रार नसते आणि विजेच्या ‘भारनियमना’तही तो केवळ परिमाण असतो. ‘आभार’ या शब्दातही हाच भार आहे. दुसऱ्याने केलेल्या उपकाराचे वजन आपण मान्य करतो, म्हणून आभार ‘मानतो’, आणि त्यात दुःखाची छटा नाही. ‘बोजा’ मात्र जवळजवळ नेहमी देण्याघेण्याचा असतो: कर्जाचा बोजा, करांचा बोजा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवलेला बँकेचा बोजा. तो कमी करायचा किंवा उतरवायचा असतो, त्यात अभिमान कोणालाही नसतो. ‘ओझे’ हे वाहणाऱ्याच्या बाजूने पाहिलेले वजन आहे. ‘अपेक्षांचे ओझे’ म्हटले, की माणूस दमला आहे हे कळते. आणि जे ओझे आहे, ते त्याने स्वतः निवडलेले असेलच, असे नाही.

‘जोखड’ आणि ‘धुरा’ यांची जोडी तर विचार करायला लावणारी आहे. दोन्ही बैलाच्या खांद्यावरच्या एकाच साधनाशी जोडलेले शब्द आहेत. ‘जू’ हा शब्द संस्कृत ‘युग’पासून आला आणि त्याच्याच अर्थाचे ‘जोखड’ मराठीत पारतंत्र्याचे, गुलामीचे झाले. जोखड झुगारून दिले जाते, मानेवरचे जू फेकले जाते. कोणाला ‘कामाला जुंपले’ म्हटले, तर त्याची इच्छा विचारली गेली नाही, हे त्यात आलेच. धुरेला मात्र कोणी झुगारत नाही. वस्तू एकच असताना एका शब्दाच्या वाट्याला अपमान आणि दुसऱ्याच्या वाट्याला गौरव का यावा, याचे उत्तर मला पहिल्या प्रतिसादातील ‘यानमुख’ या अर्थात दिसते. जू हे केवळ मानेवर असते. धुरा मानेवर असूनही अग्रभागी असते. जुवाखाली माणूस दुसऱ्याच्या गाडीला बांधलेला असतो, तर धुरेखाली तो गाडीच्या पुढे असतो, आणि बहुतेक वेळा त्याने ती आपली मानलेली असते.

म्हणून तुमच्या लेखिकेच्या वाक्यात कोणता शब्द ठेवावा, हे त्या बाईंच्या आयुष्यात काय घडले यावर अवलंबून आहे आणि ते लेखिकेलाच ठाऊक असणार. वसतिगृह चालवण्याचा निर्णय त्यांच्या पतीचा असेल, त्यांना न विचारता मुलांच्या जेवणाखाण्याचे आणि दुखण्याखुपण्याचे सगळे त्यांच्या अंगावर आले असेल, तर ‘ओझे’ हाच खरा शब्द आहे आणि गौरवाच्या हौसेने तो बदलणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. स्मरणिकांमध्ये स्त्रियांच्या कष्टांना ‘धुरा’ हे भरजरी नाव देऊन ते कष्ट झाकले जातात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. याउलट, वसतिगृह हे त्यांचे स्वतःचे काम असेल, कोणाला प्रवेश द्यावा आणि पैसा कोठून आणावा हे त्या ठरवत असतील, तर ‘वसतिगृहाची धुरा’ हा शब्द त्यांना देणे आवश्यक आहे, कारण ‘ओझे’ म्हटल्याने त्यांचा निर्णयाधिकार वाक्यातून नाहीसा होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर एकाच शब्दात त्या कोंबण्याचा प्रयत्न करू नये. ‘घराचा भार तर त्यांच्यावर होताच, वसतिगृहाची धुराही त्यांनीच वाहिली’ असे दोन शब्दांचे वाक्य करता येईल. लेखिकेशी एकदा बोलून घ्यावे. तिला काय दिसले होते, ते तिच्या तोंडून ऐकल्यावर शब्द ठरवणे अवघड जाणार नाही.

पहिल्या प्रतिसादाच्या लेखकाकडून

वरील वाक्याबाबत पूर्ण सहमत आहे. फक्त एक लहानशी सूचना करतो. ‘धुरा’ला ‘वाहणे’ हे क्रियापद मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचे आहे, कारण पाणिनीच्या त्या प्रकरणातही ‘वहति’ हेच क्रियापद आहे. ‘पेलणे’ म्हणजे वजन तोलून धरणे, त्यात गती नाही. ‘सांभाळणे’ यात जपणूक आहे, पण चाल नाही. जेथे संस्था पुढे नेल्याचे सांगायचे आहे, तेथे ‘धुरा वाहिली’ असे लिहावे, आणि जेथे कठीण काळात ती कोलमडू दिली नाही हे सांगायचे आहे, तेथे ‘पेलली’ ठेवावे. ‘राज्यधुरा’, ‘संस्थाधुरा’ असे समास करायचे असतील, तर ते एक शब्द म्हणून जोडून लिहावेत.